पडद्याआडचे टेनिस

जो खेळ दूरचित्रवाणीवर वारंवार दिसतो तो मोठा आणि जो दिसत नाही तो लहान, असा समज आपल्या मनांत नकळत घर करून बसला आहे. विंबल्डनचे नाव आपल्या माधवनगरातील मुलांनाही ठाऊक असते. परंतु २०१८ साली चेन्नईहून पुण्यास आलेली आणि २०२३ पर्यंत बालेवाडीस खेळली गेलेली टेनिस स्पर्धा कितीकांस आठवते? पुरुष व्यावसायिक खेळाडूंच्या जागतिक संघटनेच्या मुख्य मालिकेतील भारतात होणारी ती एकमेव स्पर्धा होती. मग अशा स्पर्धांच्या वाट्यास पडदा इतका थोडा का येतो? याची मुख्य कारणे तीन आहेत.

पहिले कारण टेनिसच्या वेळापत्रकात आहे. एकाच आठवड्यात निरनिराळ्या देशांत स्पर्धा चालू असतात. २०१९ च्या आरंभी पुण्यात सामने चालले असता ब्रिस्बेन व दोहा येथेही स्पर्धा होत्या, आणि नोवाक जोकोविच दोहास खेळत होता. त्याच आठवड्यात सिडनीच्या कसोटीकडे साऱ्या भारताचे डोळे लागले होते. ऑस्ट्रेलियातील कसोटी मालिका आपण प्रथमच जिंकली ती तेव्हाच. लोकांचे लक्ष जिकडे, जाहिरातदारही तिकडेच वळणार.

दुसरे कारण वेळेची अनिश्चितता. क्रिकेटमध्ये प्रत्येक षटकानंतर जाहिरातीस जागा मिळते; फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांच्या आसपास आटोपतो. टेनिसचा सामना मात्र तासाभरात संपेल की तीन तास चालेल, हे कोणीच सांगू शकत नाही. पुण्याच्या २०१९ च्या अंतिम सामन्यात केविन अँडरसन व एकोणचाळीस वर्षांचा इवो कार्लोविच यांचे तिन्ही सेट टायब्रेकवर गेले. २०१० साली विंबल्डनला जॉन इस्नर व निकोला महू यांचा सामना तर तीन दिवसांत मिळून अकरा तास पाच मिनिटे चालला! पुढील कार्यक्रमाची वेळ ठरवणाऱ्याची अशाने किती त्रेधा उडत असेल!

तिसरे कारण प्रक्षेपणाच्या हक्कांचे. चार महास्पर्धा आपापले हक्क स्वतंत्रपणे विकतात; इतर स्पर्धांचे व्यवहार निराळे. त्यामुळे सामने अनेक वाहिन्यांत विखुरतात आणि पुष्कळदा वर्गणी भरणाऱ्यांनाच दिसतात. महास्पर्धेच्या विजेत्यास २००० मानांकन गुण मिळतात, तर पुण्याच्या विजेत्यास २५० मिळत. ज्याचे मोल कमी, त्यासाठी पैसाही कमी. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीस दिले पाहिजे, असा २००७ चा कायदा आहे. डेव्हिस चषकातील भारताचे सामने त्यात येतात. पण वार्षिक स्पर्धांना बहुधा बाजारावरच विसंबावे लागते.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. पडदा नाही म्हणून प्रेक्षक नाहीत, आणि प्रेक्षक नाहीत म्हणून पडदा नाही. पुण्याची स्पर्धा केवळ यामुळेच गेली, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु २०२४ मध्ये तिची जागा हाँगकाँगकडे गेली, हे खरे. आपल्या देशात स्पर्धा असली, म्हणजे यजमानांच्या हाती काही थेट प्रवेश असतात. त्यांतूनच २०२३ मध्ये पुण्याचा अवघ्या पंधरा वर्षांचा मानस धामणे मुख्य फेरीत उतरला. तो पहिलाच सामना हरला. तथापि घरच्या मैदानावर जगातील खेळाडूंशी झुंजण्याची संधी त्यास लाभली. स्पर्धा गेली, तशी ती वाटही मिटली.

आपल्या उज्जैनचा मल्लखांब पाहा. मध्य प्रदेशाने २०१३ साली त्यास राज्यक्रीडा ठरविले आणि येथील प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पडद्यावर तो क्वचितच दिसतो. परंतु शिकविणारे, शिकणारे व पाहणारे खांबाभोवती जमतात, म्हणून तो टिकला आहे. पडदा काय दाखवील हे आपल्या हाती नाही. मैदानावर जाऊन खेळ पाहणे मात्र आपल्या हाती आहे. विद्यार्थी मित्रहो, तेवढे तरी आपण अवश्य करू या.