हौशी रेडिओसाठी पहिला रिसीव्हर : कोणता घ्यावा, कोणता नको

आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण रेडिओच्या संगतीत गेले. शॉर्टवेव्हची सुई केसभर हलवत सिलोन लावायचे आणि स्टेशन 'पळाले' की पुन्हा शोधायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांना हॅम रेडिओचे वेड वेगळे समजावून सांगायला नको. इथे अमेरिकेत आल्यावर नोकरी, घर, मुलांच्या शाळा यांत तो नाद मागे पडतो. पुन्हा हौस आली तरी किमती पाहून माणूस मागे फिरतो. नावाजलेले ट्रान्सीव्हर हजार डॉलरच्या घरात जातात, आणि "एवढे पैसे घालून हे किती दिवस वापरणार?" या घरातल्या प्रश्नाला चोख उत्तर सापडत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की सुरुवातीला हजार डॉलर घालण्याची गरजच नाही. पहिला रिसीव्हर स्वस्तातला घ्यावा आणि उरलेली शक्ती अँटेनावर घालावी. तसे का, ते आता सांगतो.

जुन्या रेडिओत सिग्नल निवडणे, गाळणे, त्यातून आवाज काढणे ही कामे कॉइल, कंडेन्सर आणि क्रिस्टल फिल्टर करत. सॉफ्टवेअर डिफाइंड रेडिओत, म्हणजे एसडीआरमध्ये, हवेतून आलेला सिग्नल लवकरात लवकर आकड्यांत बदलतात आणि पुढचे सगळे काम घरचा लॅपटॉप करतो. पडद्यावर बँडचा मोठा पट्टा एकदम दिसतो. कोण कुठे बोलतोय ते कानाआधी डोळ्यांना कळते.

ही स्वस्ताई आली टीव्हीमुळे. युरोपातला डिजिटल टीव्ही संगणकावर पाहण्यासाठी यूएसबीत खोचायचे छोटे डाँगल मिळत. त्यांतली रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप सिग्नलचे कच्चे आकडे थेट संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींनी हेरले. तेव्हापासून टीव्हीचा डाँगल हा गरिबाचा रिसीव्हर झाला.

आता बाजारात काय घ्यावे? आधी स्वतःला विचारा, 'मला ऐकायचे काय आहे?'

गावातले हॅम्स, त्यांचे रिपीटर, विमाने आणि उपग्रह ऐकायचे असतील तर साधा आरटीएल-एसडीआर पुरेसा आहे. आमची पसंती आरटीएल-एसडीआर ब्लॉगच्या व्ही३ किंवा २०२३ साली आलेल्या व्ही४ ला. किंमत साधारण चाळीस-पन्नास डॉलर. धातूची पेटी, पक्का एसएमए सॉकेट आणि तापमानाने न ढळणारा ऑसिलेटर एवढ्या पैशात मिळतो. दोघांत फरक आहे तो शॉर्टवेव्हचा. व्ही३ शॉर्टवेव्ह जुगाड करून ऐकतो, त्यामुळे २० मीटर बँडवर भलतीच स्टेशने सावलीसारखी दिसू शकतात. व्ही४ मध्ये त्यासाठी वेगळा अपकन्व्हर्टर आहे. त्याला ड्रायव्हर मात्र त्याचेच लागतात. या दोघांच्या हुबेहूब नकला बऱ्याच फिरतात, तेव्हा दहा डॉलर वाचवायला अनोळखी विक्रेत्याकडे जाऊ नका.

या रिसीव्हरची मर्यादा म्हणजे त्याचे ८ बिट. ढोबळ हिशेब असा की दर बिटाला ६ डेसिबल. ८ बिटांत ४८ डेसिबल होतात, १४ बिटांत ८४. लग्नाच्या हॉलमध्ये कानाशी बँड वाजत असला की समोरच्या मावशींचे बोलणे ऐकू येत नाही, तसेच घराजवळ मोठे एफएम स्टेशन असले की या डाँगलला दूरचा बारीक आवाज ऐकू येत नाही. त्यावर पंधरा-वीस डॉलरचा एफएम गाळणारा फिल्टर हा चांगला उतारा आहे.

शॉर्टवेव्हवर देशोदेशीचे हॅम्स ऐकण्याची मनापासून ओढ असेल तर पुढची पायरी दोनशे डॉलरच्या आसपास आहे. एसडीआरप्लेचा आरएसपी१बी १४ बिटांचा आहे, १ किलोहर्ट्झपासून २ गिगाहर्ट्झपर्यंत सगळे ऐकतो आणि १० मेगाहर्ट्झचा पट्टा एकदम दाखवतो. एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी ३१ मेगाहर्ट्झपर्यंत आणि पुढे ६० ते २६० एवढेच ऐकतो, पण शक्तिमान स्टेशनांच्या गर्दीत फार उत्तम टिकतो. ४३० मेगाहर्ट्झचा हॅम बँड मात्र त्यात येत नाही. थोडक्यात, सगळ्यातले थोडे थोडे हवे असेल तर पहिला, आणि शॉर्टवेव्हच हवी असेल तर दुसरा.

मुलांची नजर हॅकआरएफ वनकडे जाते, कारण तो प्रक्षेपणही करतो. पण तोही ८ बिटांचाच, महागही, आणि लायसन्सशिवाय हॅम बँडवर प्रक्षेपण करणे बेकायदा आहे. पहिल्या खरेदीत तो नको.

खरं सांगायचं तर, रिसीव्हर बदलून जेवढा फरक पडतो त्याहून जास्त अँटेनाने पडतो. टेबलावरच्या वीतभर अँटेनाला दोनशे डॉलरचा रिसीव्हर जोडला तरी ऐकू येणार ती घरातलीच खरखर. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची लांबी फुटांत काढायची तर ४६८ ला मेगाहर्ट्झने भागा. १४.१ साठी ३३ फूट, ७.१ साठी ६६ फूट. नुसते ऐकायला एवढी अचूकता लागत नाही, मिळेल तेवढी तार झाडाला बांधली तरी चालते.

टाउनहाऊसवाल्यांची अडचण आम्हाला ठाऊक आहे. डिश आणि टीव्ही अँटेना लावण्याचा हक्क एफसीसीच्या १९९६ च्या नियमाने मिळतो, पण हॅमच्या अँटेनाला तो लागू नाही, त्यामुळे असोसिएशन हरकत घेऊ शकते. अशा वेळी पोटमाळ्यावर तार ताणावी. बाहेरच्याइतके नाही, पण काम होते.

दुसरा शत्रू म्हणजे घरातली खरखर : स्वस्त चार्जर, एलईडी दिवे, सोलरचा इन्व्हर्टर. ती शोधायची युक्ती अशी. लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि पॅनेलमधला एकेक ब्रेकर बंद करत पडद्याकडे पाहा. ज्या ब्रेकरला पडदा एकदम काळा पडेल तिथे चोर आहे. वायफाय जाणार हे मात्र आधी घरात सांगून ठेवा! मग चोराच्या वायरला फेराइटचे कडे घालावे किंवा तो चार्जर टाकून द्यावा.

सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. एसडीआर++ विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. ऐकायला सुरुवात १४.०७४ मेगाहर्ट्झपासून करा. तिथे २०१७ साली आलेली एफटी८ ही पद्धत चालते. डब्ल्यूएसजेटी-एक्स हा मोफत प्रोग्रॅम गोंगाटाखाली बुडालेल्या हाकाही वाचतो. तो सुरू करणारे ज्यो टेलर हे १९९३ चे नोबेल मिळवलेले पदार्थशास्त्रज्ञ. पडद्यावर 'व्हीयू' ने सुरू होणारे कॉलसाइन उमटले की समजा, ती हाक भारतातून आली. जुनी पुस्तके नोआ-१५, १८ आणि १९ या उपग्रहांकडून हवामानाची चित्रे घ्यायला सांगतात. ते तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले, तेव्हा त्या आशेवर खरेदी करू नका. अवकाश स्थानकातले बोलणे १४५.८०० वर अधूनमधून आजही येते.

हॅम्सचे बोलणे ऐकायला लायसन्स लागत नाही. बोलायचे असेल तर टेक्निशियन परीक्षा : ३५ प्रश्न, २६ बरोबर हवेत. मोर्स २००७ पासून लागत नाही. एफसीसीची फी ३५ डॉलर, परीक्षा घेणाऱ्यांची थोडी वेगळी. आणि आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचे : नागरिकत्वाची अट नाही, व्हिसावर असलेल्यालाही परीक्षा देता येते.

हा नुसता रिकामपणचा खेळ नव्हे. डिसेंबर २००४ मध्ये भारतीय हॅम्सचा एक चमू भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात होता. २६ तारखेला सुनामी आली, फोन बंद पडले, आणि बेटांवरच्या माणसांची खबर बाहेरच्या आप्तांना या चमूच्या रेडिओवरून कळू लागली. आपले आईवडील सात समुद्रापलीकडे आहेत, तेव्हा अशा खबरीचे मोल आपल्याला कोणी सांगायला नको.

विकत घेण्याआधी चव घ्यायची असेल तर नेदरलंड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा, २००८ साली सुरू झालेला रिसीव्हर ब्राउझरमधून फुकट ऐका. आठवडाभरात तुमचा कान कुठल्या बँडकडे वळतो ते कळेल. मग चाळीस डॉलर खर्चा, आणि पुढच्या पिकनिकला एक लॅपटॉप आणि तेहतीस फूट तार बरोबर आणा. झाड तिथे असतेच.