नांगराच्या कारखान्यातून आलेली 'स्त्री'

आमच्या बचत गटानं कर्ज काढून एक कडबाकुट्टी आणि दोन फवारणी पंप घेतले. गावात भाड्यानं द्यायचे, त्यातून हप्ता फेडायचा, असा सरळ हिशोब होता. पण दोन महिने झाले तरी यंत्र आपलं पडवीतच! हप्त्याची तारीख जवळ आली तशा बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. कारण "घेऊया" म्हणून पुढे झाले होते मीच.

घरी येऊन सासूबाईंपुढे रडगाणं गायले. शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे यंत्र आहे हे कळलंय कुणाला? किर्लोस्करांनी बघ, आपल्या मालासाठी चक्क मासिक काढलं होतं."

किर्लोस्कर म्हणजे पंप आणि इंजिनं, एवढंच मला माहीत. मासिक म्हटलं की सासूबाईंच्या ट्रंकेतले जुने 'स्त्री'चे अंक आठवतात. या दोन्हींचं मूळ एकच आहे, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. मग कडबा कापायचं यंत्र केलं, त्यानंतर लोखंडी नांगर. पण नांगर घेणार कोण? लोखंडानं जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोनएक वर्षं लागली म्हणतात. म्हणजे माल चांगला असून भागत नाही, समोरच्याच्या मनातली भीती आधी जावी लागते. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर, निवडुंग तोडून, किर्लोस्करवाडी वसली.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकलेत रमणारे. कारखान्याच्या जाहिरातींचं काम त्यांच्याकडे आलं. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्यात काय नवं होतंय, कुठलं अवजार कशासाठी, हे गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळावं, हा मूळ हेतू. नावातच 'खबर' होतं!

पण नुसती आपल्या मालाची स्तुती किती दिवस वाचणार कोणी? शंकररावांनी हे बरोबर ओळखलं. हळूहळू त्यात उद्योग करून वर आलेल्या माणसांच्या हकिगती आल्या, गोष्टी आल्या, समाजसुधारणेचे लेख आले. १९२९ मध्ये नावातलं 'खबर' गेलं आणि नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. पुढे सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेखही त्यातून आले. नांगर विकायला निघालेलं मासिक आता विचारांची नांगरट करत होतं.

आणि १९३० साली त्याच माळावरून खास बायकांसाठी 'स्त्री' निघालं. पाठोपाठ १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'. मैत्रिणींनो, विचार करा, जिथं भट्टी आणि लोखंडाचा आवाज, तिथून घराघरातल्या बाईसाठी मासिक निघत होतं! तिचं शिक्षण, तिचं लग्न, घरातलं तिचं स्थान यावर ते बोलत होतं. विद्या बाळ १९६४ पासून 'स्त्री'च्या संपादनात होत्या, १९८३ ते १९८६ त्या संपादक होत्या. १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं.

सासूबाई सांगतात, "आमच्या घरात बाईनं वाचत बसलेलं चालायचं नाही. शेजारच्या काकूंकडून अंक आणायचा आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचा. दुपारी तांदूळ निवडायला घेतले की चार पानं व्हायची." त्या सातवी शिकलेल्या. पण माझ्या नणंदेच्या शिक्षणासाठी सासऱ्यांशी भांडल्या त्या याच. ते बळ त्या डब्यातलं असणार, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत आम्ही एका पानाचं पत्रक लिहिलं. भाडं किती, यंत्र कुणाकडे मिळेल, एवढं तर लिहिलंच. शिवाय एका मैत्रिणीनं तिची हकिगत सांगितली. कुट्टी केल्यापासून म्हशी कडब्याचे बुडखे टाकत नाहीत, वैरण पुरवठ्याला येते. तीही छापली. डेअरीत, गिरणीत, शाळेच्या फाटकावर पत्रकं दिली. आठ दिवसांत कडबाकुट्टी पडवीतून बाहेर पडली!

खोटं कशाला सांगू, पहिल्या हप्त्याला थोडे पैसे कमीच पडले, ते आम्ही वर्गणीनं भरले. पण आता पुढच्या पत्रकाची वाट बायका बघतात. आणि त्यात काय लिहायचं यावर वाद घालतात. परवा एकजण म्हणाली, "भाड्याचं राहू द्या खाली बारीक अक्षरात. वरती सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्याबद्दल लिहा की!"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या शेंगा सोलत होत्या, पण गालातल्या गालात हसत होत्या.