जालसंचयक, घरगुती

घरातील अनेक संगणकांना, मोबाइल फोनांना व दूरचित्रवाणी संचांना एकाच वेळी वापरता येईल असा सामाईक माहितीसंचय जालामार्फत पुरविणाऱ्या उपकरणास जालसंचयक म्हणतात. बाजारात व बोलण्यात ते ‘नॅस’ या इंग्रजी आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. यूएसबी तारेने जोडावयाची सुटी हार्ड डिस्क ज्या संगणकाला जोडलेली असेल त्याच्या अधीन असते. जालसंचयक मात्र स्वतःच एक लहान संगणक असून त्याला स्वतःचा प्रक्रियक, स्मृती व कार्यप्रणाली असते. तो राउटरला तारेने जोडून सुरू ठेवला की घरातील कोणतेही उपकरण त्याच्याकडे फाइल मागू शकते. त्याची निवड करताना दोन भिन्न हेतू ध्यानात घ्यावे लागतात : फाइलींचा सामाईक वापर आणि राखीव प्रती बाळगणे. हे दोन्ही हेतू एकाच पेटीत साधता येतात, परंतु ते एकच नव्हेत. चुकीच्या निवडींचे मूळ बहुधा या दोहोंच्या गल्लतीत असते.

एका यंत्रावरील फाइली जालावरील इतर यंत्रांना वापरू देण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात रूढ झाली. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये ‘एनएफएस’ हा प्रोटोकॉल प्रसृत केला. त्याच सुमारास आयबीएममध्ये ‘एसएमबी’ या प्रोटोकॉलचा पाया घातला गेला व पुढे मायक्रोसॉफ्टने तो आपल्या प्रणालींत विस्तारला. यूनिक्स वर्गातील यंत्रांना विंडोज संगणकांशी एसएमबीच्या भाषेत बोलता यावे म्हणून अँड्रू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात केलेले काम १९९२ मध्ये प्रथम बाहेर आले. तेच पुढे ‘सांबा’ या नावाने प्रसिद्ध झाले. आजच्या बहुतेक घरगुती जालसंचयकांच्या पोटात लिनक्स व सांबा हीच जोडी असते. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा संच घेतला, तरी फाइली वाटून देण्याचे मूळ काम जवळजवळ सारखेच होते. खरा फरक खणांची संख्या, डिस्कची जात, कार्यप्रणालीला मिळणारी दुरुस्ती व सुरक्षितता यांत असतो.

खण व ‘रेड’ रचना : घरगुती संचयकात बहुधा एक, दोन किंवा चार डिस्क बसविण्याचे खण असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका निबंधात, अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एका महागड्या मोठ्या डिस्कचे काम करून घेण्याच्या रचनांचे वर्गीकरण केले. या रचनांना ‘रेड’ म्हणतात. रेड-१ मध्ये दोन डिस्कांवर तीच माहिती जशीच्या तशी लिहिली जाते; म्हणून ४ टेराबाइटच्या दोन डिस्क घातल्या, तरी उपयुक्त क्षमता ४ टेराबाइटच राहते. रेड-५ मध्ये याहून काटकसर साधते. तीन आकडे व त्यांची बेरीज टिपून ठेवली, तर त्यांतील कोणताही एक आकडा पुसला गेला तरी उरलेल्यांवरून तो काढता येतो. त्याच न्यायाने चार डिस्कांपैकी एकीएवढी जागा पडताळ्याला देऊन उरलेल्या तिघींची क्षमता वापरता येते. रेड-६ मध्ये दोन डिस्क एकाच वेळी निकामी झाल्या तरी माहिती शाबूत राहते. रेड-० या रचनेत माहितीचे तुकडे डिस्कांवर वाटून टाकलेले असतात व कोणतीही जादा नोंद नसते. तिच्यातील एक डिस्क गेली की सर्वच जाते, म्हणून राखीव प्रतींसाठी ती वर्ज्य समजावी.

निकामी डिस्क काढून नवी घातल्यावर तिच्यावर माहिती पुन्हा रचली जाते. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट या वेगाने भरली, तरी त्याला सु. १५ तास लागतात. या अवधीत संचयक वापरात असेल, तर अधिकच. एकाच दिवशी विकत घेतलेल्या बाकीच्या डिस्कही तितक्याच वयाच्या असतात व नेमका तेव्हाच त्यांच्यावर ताण पडतो. मोठ्या डिस्कांसाठी घरीसुद्धा रेड-५ ऐवजी रेड-१ किंवा रेड-६ पसंत करणारे लोक यासाठीच ती निवड करतात.

राखीव प्रत : रेड रचना ही राखीव प्रत नव्हे. एखादी फाइल चुकून पुसली, तर आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे ती दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी जाते. चोरी, आग, पूर किंवा विजेचा लोळ या आपत्ती संपूर्ण पेटीवर येतात. डिस्क बिघडणे या एकाच आपत्तीवर रेड हा उपाय आहे. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने भराभर पुसल्या गेल्या, आणि राखीव प्रती घेणारी यंत्रणा नीट चालत नसल्याचेही तेव्हाच उघडकीस आले. गेलिन सुसमन या तंत्रनिर्देशिकेने घरून काम करण्यासाठी आपल्या घरच्या संगणकावर ठेवलेल्या प्रतीमुळे काम बव्हंशी परत मिळाले. मोठ्या संस्थेची यंत्रणा फसली व दुसऱ्या छपराखालची एक प्रत उपयोगी पडली, हा या प्रसंगातील ध्यानात घेण्याजोगा भाग होय.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम याच जाणिवेतून आलेला आहे : माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात व त्यांतील एक घराबाहेर असावी. संगणकावरील मूळ फाइल, जालसंचयकावरील प्रत आणि नातेवाइकांच्या घरी ठेवलेली सुटी हार्ड डिस्क एवढ्याने हा नियम पाळला जातो. पुण्यात एक भाऊ व नागपुरात दुसरा अशा कुटुंबांत दोन लहान संचयक परस्परांच्या प्रती रात्रीच्या वेळी घेत राहतील, अशीही व्यवस्था करता येते. म्हणून चार खणांच्या एका महागड्या संचापेक्षा दोन खणांचा साधा संच व त्याबरोबर एक सुटी डिस्क ही खरेदी बहुतेक घरांना अधिक हितकर ठरते.

‘बीटीआरएफएस’ व ‘झेडएफएस’ या फाइलप्रणालींत ठराविक वेळी संचयाची ‘क्षणप्रत’ घेण्याची सोय असते. क्षणप्रत घेताना सर्व माहिती पुन्हा लिहिली जात नाही. त्यानंतर बदललेले भागच निराळे ठेवले जातात. खंडणीखोर आज्ञावलीने फाइली कुलूपबंद केल्या, तरी आदल्या दिवशीची क्षणप्रत शाबूत असल्यास तीवरून त्या परत मिळतात. या दोन्ही प्रणाली माहितीबरोबर तिची पडताळा-बेरीजही जपतात, त्यामुळे डिस्कवर नकळत झालेला बिघाड ओळखता येतो. कित्येक स्वस्त संचांत ही सोय नसते. खरेदीपूर्वी ती विचारून घ्यावी.

डिस्क : संचयक बहुधा रिकामा विकला जातो व डिस्क निराळ्या घ्याव्या लागतात. तबकडीवरील माहितीचे मार्ग एकमेकांशेजारी सुटे आखणे ही रूढ पद्धत होय. दुसऱ्या पद्धतीत ते कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक थोडे चढविलेले असतात. कौल बदलताना शेजारची कौले हलवावी लागतात, तसेच येथे एक मार्ग नव्याने लिहिताना पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. अशा डिस्कवर दीर्घकाळ सलग लिहिताना वेग फार उतरतो आणि रेडची पुनर्रचना रेंगाळते. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या, जालसंचयकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. त्यानंतर कंपनीने दोन्ही जातींची नावे वेगळी केली. डिस्कच्या तपशीलपत्रात ‘सीएमआर’ असे लिहिलेले आहे की ‘एसएमआर’, हे पाहून पहिल्या जातीची डिस्क घ्यावी.

क्षमता ठरविताना आजची गरज मोजून तिच्या दुप्पट-तिप्पट जागा धरणे सोयीचे असते. प्रत्येकी ४ मेगाबाइटची १ लाख छायाचित्रे ४०० गिगाबाइटांत मावतात. चलत्‌चित्रे मात्र जागा झपाट्याने खातात. फोनने टिपलेले ‘४-के’ प्रतीचे एक मिनिटाचे चित्रण १७० ते ४०० मेगाबाइटपर्यंत जाते. ४ टेराबाइटची डिस्क विंडोज संगणकावर ३.६४ एवढीच दिसते. ती फसवणूक नसून दशमान व द्विमान मोजणीतील फरक आहे.

वेग : १ गिगाबिट ईथरनेट तारेतून सेकंदाला कमाल १२५ व प्रत्यक्षात सु. ११० मेगाबाइट जातात. त्या वेगाने ५०० गिगाबाइट माहिती सव्वा तासात पोहोचते. राउटर जुना, १०० मेगाबिटांचा असेल, तर त्याच कामाला साडेबारा तास लागतात. साध्या डिस्कही १ गिगाबिटाची तार भरून काढू शकतात. म्हणून प्रक्रियकाच्या जाहिरातींकडे पाहण्याआधी घरातील राउटर व तारा पाहाव्यात. पहिली मोठी प्रत वाय-फायवरून न घेता तारेवरूनच घ्यावी.

सुरक्षितता : घराबाहेरून फाइली पाहता याव्यात म्हणून अनेक जण राउटरमध्ये वाट मोकळी करून संचयक थेट इंटरनेटवर आणतात. ही सोय महाग पडते. जून २०२१ मध्ये, निर्मात्याने २०१५ नंतर दुरुस्त्या देणे थांबविलेल्या ‘माय बुक लाइव्ह’ या संचयकांवर हल्ला होऊन जगभरातील अनेक ग्राहकांची माहिती एकाएकी पुसली गेली. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर आज्ञावलीने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप संचयकांतील फाइली कुलूपबंद केल्या. बाहेरून वापर हवाच असेल, तर ‘व्हीपीएन’ म्हणजे संरक्षित खाजगी मार्ग वापरावा. भारतात कित्येक इंटरनेट सेवांत अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो, त्यामुळे वाट मोकळी करूनही ती चालत नाही. याची चौकशी आधीच करावी. संच किती वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळवील, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

संचच बिघडला तर डिस्क अन्यत्र वाचता येतील काय, हेही पाहावे. लिनक्समधील सर्वसामान्य रचना वापरणाऱ्या संचातील डिस्क दुसऱ्या लिनक्स संगणकावर वाचता येतात. निर्मात्याची स्वतःची गुप्त रचना असल्यास तसाच दुसरा संच शोधावा लागतो. सिनॉलॉजी या तैवानी कंपनीने २०२५ मध्ये आपल्या काही नव्या संचांत इतर कंपन्यांच्या डिस्कांवर निर्बंध घातले व ग्राहकांच्या विरोधानंतर त्याच वर्षी ते शिथिल केले.

जागा व वीज : दोन खणांचा संच सु. २० वॉट वीज घेतो असे धरल्यास महिन्याला साडेचौदा युनिटांच्या आत खर्च येतो. लिहिण्याच्या मध्येच वीज गेल्यास फाइलप्रणाली बिघडू शकते; म्हणून वारंवार वीज जाणाऱ्या गावी यूपीएस जोडणे आवश्यक आहे. यूपीएसला यूएसबी तार जोडण्याची सोय असावी, म्हणजे बॅटरी संपत आल्याचे कळून संचयक स्वतः नीट बंद होतो. कोकणात पावसाळ्याच्या तोंडी विजा कडाडत असताना सुटी डिस्क जोडून ठेवू नये. प्रत घेऊन झाली की ती काढून कोरड्या जागी ठेवावी. संच बंद कपाटात न ठेवता हवा खेळेल अशा ठिकाणी, परंतु झोपण्याच्या खोलीपासून दूर ठेवावा, कारण डिस्कांची घरघर रात्री जाणवते.

प्रती घेणे सुरू झाल्यावर वर्षातून दोन-तीनदा काही फाइली राखीव प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर उतरवून त्या उघडतात की नाही हे तपासावे. माहिती सांकेतिक स्वरूपात ठेवली असल्यास तिची किल्ली व संचयकाचा परवलीचा शब्द घरातील निदान आणखी एका व्यक्तीला ठाऊक असावा आणि कागदावर लिहून बँकेच्या कागदपत्रांबरोबर ठेवलेला असावा; संच सांभाळणारी एकच व्यक्ती असलेल्या घरांत तिच्या पश्चात कुटुंबाची सारी छायाचित्रे धडधाकट डिस्कांवर असूनही कोणालाच पाहता येत नाहीत.