वीज नेणारी नळी, वीज अडवणारं प्लास्टिक

दिल्लीतल्या पहाडगंजच्या मेन बाजारात मान वर केली की तारांचं जंजाळ दिसतं. इथे नूतन मराठी शाळा आहे, त्यामुळे दिल्लीकर मराठी घरांना हे दृश्य नवं नाही. त्या तारांमधली वीज आणि आपण, यांच्यामध्ये असतं ते फक्त प्लास्टिकचं पातळ आवरण.

हे प्लास्टिक वीज अडवतं, पण उष्णताही अडवतं. भार वाढला की तार तापते आणि उष्णता आतच कोंडते. साधं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंत वापरायचं असतं. त्यापुढे ते मऊ पडतं, लवकर जुनं होतं, तडकतं. म्हणजे आपल्याला हवंय काय? उष्णता बाहेर जावी, वीज आत राहावी.

उष्णता वाहून नेण्यात कार्बन नॅनोट्यूब पटाईत. १९९१मध्ये सुमिओ इइजिमा यांच्या शोधनिबंधामुळे या नळ्या जगासमोर आल्या. अडचण एकच: त्या वीजही नेतात. नळ्या बारीक आणि लांब असल्यामुळे प्लास्टिकमध्ये वजनाने एक टक्क्याहून कमी मिसळल्या, तरी त्यांची सलग साखळी तयार होऊ शकते. त्यांनी एकमेकींना टेकायलाही लागत नाही. एक-दोन नॅनोमीटरची फट इलेक्ट्रॉन ओलांडून जातात.

इथे कलम उपयोगी पडतं. पॉलिमरच्या साखळ्या नळीच्या पृष्ठभागावर रासायनिक बंधाने जोडतात. तयार साखळ्या आणून चिकटवता येतात किंवा पृष्ठभागावरूनच वाढवता येतात. दाट कलम झालं की प्रत्येक नळीला स्वतःचं आवरण मिळतं. नळ्यांचे गठ्ठे होत नाहीत, दोन नळ्यांमधलं अंतर टिकतं आणि विजेची वाट तुटते. शिवाय बंध जोडताना नळीची कार्बनची जाळी जागोजागी बिघडते, त्यामुळे तिची स्वतःची वहनक्षमताही घटते.

मग असल्या तारा दुकानात का नाहीत? कारण तेच आवरण उष्णतेलाही अडसर ठरतं. पातळ ठेवलं तर वीज निसटते, जाड केलं तर उष्णता अडते. एखादं टोक उघडं राहिलं तर तिथे विद्युतक्षेत्र एकवटतं आणि जास्त व्होल्टेजला प्लास्टिक तिथूनच फुटू शकतं. म्हणून उष्णता नेणाऱ्या विद्युतरोधक प्लास्टिकमध्ये आज बोरॉन नायट्राइड किंवा ॲल्युमिना भरतात. ते मुळातच वीज नेत नाहीत.

तेव्हा अशा पदार्थाबद्दल वाचलंत तर तीन गोष्टी पाहा: नळ्या किती टक्के, आवरण किती जाड आणि किती व्होल्टेजपर्यंत टिकलं. आणि घरातली तार हाताला गरम लागत असेल तर नॅनोट्यूबची वाट पाहू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.