पगार सोडलेला पाळक

मत्तयाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींतल्या दिखाऊपणावर बोट ठेवतो. महाराष्ट्रात मात्र धर्मांतर करणाऱ्याच्या हेतूवर संशय घेतला जाई तो वेगळाच: पोटासाठी ख्रिस्ती झाला!

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. पुढे ते अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत राहिले. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा समुदाय उभारला. संशयाला याहून रोखठोक उत्तर कोणते?

दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. म्हणजे नाव नोंदवून आकडा फुगवण्याचा मोह तिथे उरलाच नाही.

टिळकांना या प्रयोगासाठी जेमतेम दोन वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.