आकड्यांची दुकानदारी (भाग ६) : पावसात साड्या जास्त खपतात?

मागच्या भागात आपण एकाच कारणावरून विक्रीचा अंदाज बांधला. पण दुकानात कारणं एकेकटी येत नाहीत. रविवार असतो, त्याच दिवशी पाऊस लागतो आणि सणही तोंडावर आलेला असतो. संध्याकाळी गल्ल्यात जमलेल्या रकमेत कोणाचा किती वाटा, हे वेगळं करून दाखवणारी रीत म्हणजे बहुचल समाश्रयण. धंद्यातली मंडळी तिला मल्टिपल रिग्रेशन म्हणतात.

रायपूरच्या शंकर नगरातलं साड्यांचं एक दुकान डोळ्यांसमोर आणू. दुकान आणि त्याचे आकडे मानलेले आहेत, सण आणि तारखा मात्र खऱ्या. छत्तीसगडात तीजा हा साडीवाल्यांचा मोठा हंगाम. दिवस आपल्या हरतालिकेचाच, भाद्रपद शुद्ध तृतीया. पोळ्याच्या सुमारास भाऊ बहिणीला आणायला तिच्या सासरी जातो. ती माहेरी येते, उपास धरते आणि माहेरची नवी साडी नेसते. साडी माहेरच्यांनी घ्यायची, म्हणून तीजेच्या आधीचा पंधरवडा दुकानात उभं राहायला जागा नसते.

आता रोजमेळ उघडू. आपल्याकडे दोन वर्षांतल्या मिळून १४० दिवसांची नोंद आहे. त्यातले ४० दिवस पावसाचे, १०० कोरडे. पावसाच्या दिवसांची सरासरी विक्री निघते ४६,५०० रुपये, कोरड्या दिवसांची ४२,५००. म्हणजे पाऊस पडला की विक्री चार हजारांनी वाढते? गिऱ्हाईक भिजत साडी घ्यायला येतं, यावर कोणता दुकानदार विश्वास ठेवील?

पानं नीट चाळली की उलगडा होतो. पावसाच्या ४० दिवसांपैकी २० दिवस तीजेच्या पंधरवड्यातले आहेत. कोरड्या १०० दिवसांत असे दिवस फक्त १०. साध्या कोरड्या दिवशी विक्री ४० हजार, साध्या पावसाळी दिवशी ३४ हजार. तीजेच्या कोरड्या दिवशी ६५ हजार, तीजेच्या पावसाळी दिवशी ५९ हजार. दोन्हीकडे पावसानं सहा हजारांचं नुकसानच केलंय. तीजा भर पावसाळ्यात येते, म्हणून तिची कमाई पावसाच्या नावावर जमा झाली होती. तीजा आणि पाऊस हे दोन्ही रकाने एकाच वेळी समीकरणात घातले, की उत्तर येतं: ४० हजार, तीजेचा पंधरवडा असेल तर अधिक २५ हजार, पाऊस असेल तर उणे ६ हजार. वाढीचं चिन्ह घटीचं झालं! या रीतीचं सगळं मोल मला इथे दिसतं. रकान्यासोबतच्या या आकड्याला सहगुणक म्हणतात. प्रत्येक सहगुणक सांगतो की बाकीच्या गोष्टी जिथल्या तिथे ठेवून ही एकच बदलली, तर विक्रीत किती फरक पडेल.

खऱ्या रोजमेळात आकडे इतके गुळगुळीत नसतात. रोज थोडं वर, थोडं खाली होतं. अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री यांतल्या तफावतींच्या वर्गांची बेरीज सगळ्यात लहान ठरेल, असे सहगुणक संगणक निवडतो. हे न्यूनतम वर्गांचं तंत्र लजांद्र या फ्रेंच गणितज्ञानं १८०५ मध्ये छापलं. सामाजिक प्रश्नाला अनेक कारणांचं समीकरण लावण्याचं आरंभीचं मोठं काम अडनी यूल यांचं. १८९९ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबांच्या संख्येतले बदल असे तपासले. ‘यामुळे’ असं जिथे लिहिलंय तिथे काटेकोरपणे ‘याच्याशी निगडित’ असं समजावं, ही सूचना तेव्हाच त्यांनी तळटीपेत देऊन ठेवली होती.

आपल्याकडच्या दुकानांना आणखी एक जागा सांभाळावी लागते: कॅलेंडर. तयार सॉफ्टवेअरमध्ये ‘महिना’ हा रकाना आयता असतो. पण हरतालिका २०२३ मध्ये १८ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ६ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २६ ऑगस्टला. पहिल्या दोन वर्षांवरून समीकरण शिकलं की सप्टेंबर जोरात, आणि तिसऱ्या वर्षी सप्टेंबर उजाडण्याआधीच सण आटोपला. म्हणून इथे इंग्रजी महिन्याऐवजी ‘तीजेला किती दिवस उरले’ हा रकाना हवा. पंचांग हाताशी असेल तर तो भरायला दहा मिनिटं पुरतात.

काही कारणं मात्र एकमेकांना इतकी चिकटून येतात की गणिताचाही इलाज चालत नाही. छत्तीसगडात नोव्हेंबरच्या सुमारास सरकारी धान खरेदी सुरू होते आणि देवउठनी (आपल्या प्रबोधिनी) एकादशीनंतर लग्नसराईही. विक्री वाढली ती धानाच्या पैशानं की लग्नांमुळे? दोन्ही नेहमी एकदमच आली तर सहगुणक डळमळतात. एखादं वर्ष वाढवलं की पार बदलतात. सुदैवानं इथे थोडी फट सापडते. २०२३ मध्ये खरेदी १ नोव्हेंबरला सुरू झाली आणि एकादशी २३ ला होती. २०२४ मध्ये खरेदी १४ नोव्हेंबरला, एकादशी १२ ला. मात्र २०२३ च्या त्याच नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूकही होती, म्हणून ते वर्ष डोळे झाकून वापरू नये. हाच घोळ सेलचाही होतो. जो दुकानदार दरवर्षी सवलतीचा सेल बरोबर तीजेलाच लावतो, त्याला सेलचा उपयोग किती हे कधीच कळणार नाही. एका वर्षी त्यानं सेल लावू नये, किंवा महिनाभर आधी लावावा.

शेवटचा मुद्दा माल भरण्याचा, आणि तो फार जणांच्या नजरेतून सुटतो. पाऊस घेतल्यानं आपलं समीकरण मागच्या विक्रीशी छान जुळलं. पण तीजेचा माल आठवडेच्या आठवडे आधी मागवावा लागतो, आणि त्या विशिष्ट दिवशी पाऊस पडेल की नाही हे तेव्हा कोणाला ठाऊक असतं? ऑर्डर देताना पावसाच्या रकान्यात मागच्या वर्षांतल्या तीजेच्या दिवसांपैकी पावसाळी दिवसांचं प्रमाण घालावं. आपल्या उदाहरणात ३० पैकी २० दिवस पावसाचे, म्हणजे सहा हजारांचे दोन तृतीयांश, चार हजार, तीजेच्या ६५ हजारांतून वजा. दिवसाला ६१ हजारांच्या हिशेबानं माल भरा.

पुढच्या भागात या ६१ हजारांच्या आजूबाजूला किती कमी-जास्त धरायचं ते पाहू.