बेडक्यातील विकर आणि तो पकडणारी प्रतिपिंडे

क्षयाची औषधे पूर्ण झाली, तपासणीत जंतू सापडत नाहीत, तरीही रोज सकाळी पिवळा-हिरवा बेडका पडतो, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात. घरच्यांना वाटते, क्षय उलटला. काही जण तर जुन्या गोळ्या परस्पर सुरू करतात. पुष्कळदा हा क्षय नसून क्षयाने मागे ठेवलेला आजार असतो. त्याचे नाव ब्रॉन्किएक्टेसिस. यात श्वासनलिका कायमच्या रुंद व सैल होतात, त्यांत बेडका साचतो आणि साचलेल्या बेडक्यात जंतू वाढतात. भारतातील २१९५ रुग्णांच्या नोंदी २०१९ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी सुमारे ३५ टक्के रुग्णांत या आजाराचे कारण पूर्वी झालेला क्षय हे होते.

जंतूंशी लढायला रक्तातील पांढऱ्या पेशी श्वासनलिकेत धावून येतात. त्यांच्याजवळ न्यूट्रोफिल इलॅस्टेज नावाचा विकर, म्हणजे एन्झाइम असतो. तो जंतूंचा नाश करतो. यकृतात तयार होणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन त्याला वेळीच वेसण घालते. परंतु विकर फार झाला की वेसण अपुरी पडते. मग मोकाट सुटलेला विकर श्वासनलिकेची लवचीक भिंतच कुरतडू लागतो, बेडका वाढवतो आणि तो वर ढकलणारे सूक्ष्म केस निकामी करतो. म्हणजे कुंपणच शेत खाते!

हा विकर मोजण्यासाठी प्रतिपिंडे लागतात. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक पदार्थालाच चिकटणारे प्रथिन. जणू एकाच कुलपाची किल्ली. ती तयार करण्याची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी केंब्रिजमध्ये १९७५ साली शोधली. तिला १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उंदराला शुद्ध विकर टोचतात. त्याच्या प्लीहेतील प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी काढून त्यांचा न मरणाऱ्या कर्करोगी पेशींशी संकर करतात. अशी प्रत्येक संकरित पेशी एकाच जातीचे प्रतिपिंड सतत बनवत राहते.

खरी मेहनत पुढे निवडीत असते. पांढऱ्या पेशींत प्रोटीनेज-३ नावाचा या विकराचा जवळचा भाऊबंदही असतो. त्यालाही चिकटणारे प्रतिपिंड बाद करावे लागते. शिवाय बेडका चिकट असतो आणि त्यातला हा विकर प्रतिपिंडांनाच तोडू शकतो. सर्वांत मोठी अडचण अशी, की साधे प्रतिपिंड वेसण घातलेला विकर आणि मोकाट विकर दोन्ही पकडते. आपल्याला हवा असतो तो मोकाटाचा हिशेब. म्हणून बेलफास्टच्या संशोधकांनी आधी फक्त कार्यरत विकरालाच चिकटणारा रासायनिक सापळा वापरला व नंतर प्रतिपिंडाने तो ओळखला. त्यातून गरोदरपणाच्या तपासणीसारखी पट्टी तयार झाली.

उपयोग काय? डंडी येथील २०१७ च्या अभ्यासात, ज्यांच्या बेडक्यात हा विकर जास्त होता, त्यांचा आजार पुढे अधिक वेळा उफाळला. कोणावर जास्त लक्ष ठेवावे, हे त्यावरून कळते. या विकराला कार्यरत होऊ न देणारे ब्रेन्सोकॅटिब हे औषध ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

येथे एक गल्लत टाळावी. या तपासणीत प्रतिपिंड हे आपले हत्यार असते. रक्तातील प्रतिपिंडे मोजून फुप्फुसाचा क्षय ठरवणाऱ्या तपासण्या वेगळ्या. त्या फसव्या ठरल्या आणि भारत सरकारने २०१२ साली त्यांच्यावर बंदी घातली. इलॅस्टेजची पट्टीही क्षयाचे निदान करत नाही.

म्हणून वाचकांनी एवढे करावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर प्रथम बेडका तपासून घ्यावा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. जंतू नसूनही रोज बेडका पडत असेल तर छातीचा सीटी स्कॅन लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. बेडका काढण्याचे श्वासाचे व्यायाम शिकून रोज करावेत. विडी-सिगारेट सोडावी. बेडक्यातून रक्त आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि क्षयाच्या गोळ्या मनाने कधीही सुरू करू नयेत.